तोंडभर पाणी

माझं नाव मैना. घरचे म्हणतात नाव चुकलं, हिचं नाव भोंगा ठेवायला हवं होतं. म्हणू देत. पिंपळगावात कोल्ड स्टोरेज सांभाळायचं म्हणजे द्राक्षांच्या हंगामात दारात टेम्पोंची ही रांग. तिथे गोड आवाजात बोललं तर ऐकतंय कोण?

तर दिवसभर टेम्पो हाकते आणि संध्याकाळी विमानं. खोटी हो, कॉम्प्युटरवरची! देशभरातले हौशी लोक घरी बसून विमानं उडवतात. त्यांना ‘आता उतरा, आता थांबा’ सांगायला ओझर विमानतळाच्या टॉवरमध्ये कुणीतरी लागतं, तेही आपापल्या घरीच, कानाला हेडफोन लावून. ही टॉवरमधली माणसं तयार करणारी नाशिकची टीम माझी. पगार नाही, मानधन नाही. नवरा म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. भाजते, तुला काय त्रास?

गेल्या वर्षी या टीमची पार वाताहत झाली. शेखरला दुबईत नोकरी लागली. महेशला जुळं झालं. त्याला झोप मिळेना, विमानं कुठून मिळणार? आणखी दोघं मोठ्या परदेशी ग्रुपमध्ये गेले, जाताना साधं ‘येतो’सुद्धा म्हणाले नाहीत. चिडले मी, खोटं कशाला सांगू! शिकणारे डझनभर आणि शिकवणारी मी एकटी. त्यात संस्थेच्या वरच्या मंडळींकडून निरोप आला, दिवाळीपर्यंत दुसरा प्रशिक्षक उभा करा, नाहीतर नाशिकची टीम बंद करून तुमचे विद्यार्थी पुण्याच्या टीमला देतो.

पुण्याला! माझं डोकंच फिरलं.

दुसरा प्रशिक्षक होऊ शकेल असा एकच माणूस होता, हारुनभाई. इगतपुरीचे रिटायर स्टेशन मास्तर. स्वतः टॉवरमध्ये बसले की काय देखणं काम! शिकवायला बसले की मात्र पंचाईत. विद्यार्थ्याची दोन विमानं जरा जवळ आली की हे ओरडणार, “थांबव! आधी थांबव!” आणि त्याच्या हातातून काम काढून सगळी विमानं स्वतःच थांबवणार. जन्मभर घाटातल्या गाड्या सांभाळलेला माणूस. दोन गाड्या एकाच रुळावर येताना पाहून गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नाही.

पण प्रशिक्षकाच्या परीक्षेत नेमकं तेच बघतात. विद्यार्थी अडकला तर त्याला विचारा, सुचवा, पण त्याचं काम आपल्या हातात घेतलं की नापास. हारुनभाई दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा झाले असते तर वर्षभर परीक्षा नाही, म्हणजे टीमचा कारभार आटोपलाच.

दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा त्यांचा फोन आला. “मैनाताई, राहू द्या आता. माझ्याच्यानं नाय होणार.” मग म्हणाले, “रिटायर झाल्यापासून घरात मला कुणी काही विचारत नाही हो. चहा घेणार का, एवढंच विचारतात. तुमची मंडळी विचारतात, मास्तर, हे कसं करू? तेवढ्यासाठी येतो मी.”

रडायचा माझा स्वभाव नाही, म्हणून मी ओरडले. “राहू द्या म्हणे! हारुनभाई, विमानं कळतात तुम्हाला, आता फक्त गप्प बसायला शिका!”

सांगणं सोपं होतं. माइक बंद ठेवायला लावला, तर बंद माइकसमोर इतके ओरडायचे की त्यांच्या पत्नी गुलजारभाभी स्वयंपाकघरातून धावत यायच्या. तोंडात वेलदोडा ठेवायला सांगितला, तर तो कडाकडा चावून मोकळे. मी हात टेकले होते.

मग एकदा दुपारी कांदा चिरायला बसले आणि सवयीनं तोंडात पाणी धरलं. माझ्या आईची युक्ती ती. तोंडात पाणी असलं की कांद्यानं डोळ्यांत पाणी येत नाही म्हणे. आम्ही बहिणी भांडू नये म्हणूनच ती हे सांगायची, असा माझा दाट संशय आहे. कारण भरल्या तोंडानं भांडता येत नाही.

आणि ओरडताही येत नाही! तशीच उठले, पाणी थुंकलं आणि इगतपुरीला फोन लावला.

“तांब्या जवळ घेऊन बसायचं,” मी म्हटलं. “बोलावंसं वाटलं, तर आधी पाणी गिळायचं, मगच बोलायचं.”

“मैनाताई, ही शिकवणी आहे का नाटक?”

“मास्तर, तांब्या घ्या!”

परीक्षा रविवारी दुपारी झाली. विद्यार्थिनी पूजा, सटाण्यात मेडिकल चालवते. परीक्षक बंगळुरूचे, अगदी मऊ आवाजाचे. मला ऐकायची परवानगी होती, बोलायची नव्हती. स्वतःची खात्री नव्हती, म्हणून मीही तांब्या घेऊन बसले.

सुरुवात छान झाली. मग मुंबईचं विमान आणि दिल्लीचं विमान ओझरकडे एकाच उंचीवर, एकमेकांच्या वाटेत येऊ लागली. स्क्रीनवर दोन ठिपके जवळ सरकत होते आणि पूजा गप्प. अगं पोरी, बोल! हारुनभाईंचा श्वास कानात ऐकू येत होता. आता ओरडणार, गेली टीम, गेलं सगळं, असं वाटलं आणि मी भरल्या तोंडानं डोळे मिटले.

तेवढ्यात आवाज आला. गटक.

त्या एका घोटापुरता वेळ मिळाला आणि पूजा बोलली. स्वतःहून. दिल्लीच्या विमानाला तिनं वर चढवलं, डावीकडे वळवलं आणि चांदवडच्या डोंगरांवर घिरट्या घालायला लावलं. मुंबईचं विमान सरळ खाली आलं.

“शाब्बास,” हारुनभाई हळूच म्हणाले. “आता दुसऱ्याला कधी बोलावशील?”

त्यांनी विचारलं! हुकूम नाही सोडला.

विमानं उतरली. परीक्षक म्हणाले, “पास. तुम्ही मधे पडला नाहीत, ते फार आवडलं. पण एक सांगा, मघाशी गटकन आवाज आला, तो कसला?”

“पाण्याचा, साहेब,” हारुनभाई म्हणाले. “आमच्या मैनाताईंची पद्धत आहे.”

एवढ्यात बाहेर वाट बघणारी सगळी पलटण चॅनेलवर घुसली. मास्तर, माझा धडा कधी? मास्तर, आधी माझा! मास्तर, ते घिरट्यांचं मलाही शिकवा! हारुनभाई प्रत्येकाला “सांगतो, सांगतो” म्हणत होते.

“पण मैनाताई कुठायत?” पूजानं विचारलं. “ताई, तुम्ही बोलत का नाही?”

“त्यांच्याही तोंडात पाणी असणार,” हारुनभाई म्हणाले आणि सगळे खो खो हसले.

होतंच. गिळायचं राहूनच गेलं होतं. तोंड गच्च भरलेलं आणि डोळ्यांतून घळाघळा वाहत होतं. आई, तुझी युक्ती फक्त कांद्यापुरतीच गं.