खुंट्यावरची साखळी

कानिफनाथ खर्डे माणूस वाईट नव्हता. पण स्वतःच्या डोक्यावर त्याचा भलता विश्वास. दुकानात दिसेल ती वस्तू आपण घरी निम्म्या खर्चात करू, आणि वर तिच्यापेक्षा बरी करू, अशी त्याची खात्री असायची. त्याच्या ट्रॅक्टरचं छत जुन्या जाहिरातीच्या पत्र्याचं होतं. त्यावर साबण धरलेला एका बाईचा हात तेवढा दिसायचा, बाई कापली गेली होती. बेलापूरच्या रस्त्याला लोक त्या हातावरून ट्रॅक्टर ओळखायचे आणि कानिफनाथला त्याचंही कौतुक वाटायचं.

चौऱ्याण्णव साली दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली आणि नको तेव्हा पाऊस आला. काळ्या रानाचा पार लगदा झाला. त्याच्या उसाने भरलेली ट्रॉली रानातच रुतून बसली. ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि धक्का द्यायला आलेल्यांना डोक्यापासून पायापर्यंत चिखलात माखायची. कारखान्यावर नेमल्या दिवशी गाडी पोहोचली नाही तर नंबर जातो, आणि तोडलेला ऊस रानात वाळत पडतो. चाकांना साखळ्या चढवल्याशिवाय ट्रॉली हलणार नव्हती.

तयार साखळ्या केडगावात एका दुकानात होत्या. कानिफनाथ मुद्दाम एस.टी.ने गेला, भाव ऐकला आणि दुकानदाराने पुढे केलेलं पाणीही न पिता परत आला. "लोखंडाच्या हायत का चांदीच्या?" असं तो दोन दिवस भेटेल त्याला विचारत होता.

मग त्याला ती कल्पना सुचली. वस्तीवरच्या बहुतेकांचे बैल ट्रॅक्टर आल्यावर विकले गेले होते, पण बैलांच्या साखळ्या मात्र गोठ्यागोठ्यांत लोंबत होत्या. चाकाची साखळी म्हणजे शेवटी काय? चाकाच्या दोन अंगांनी दोन जाड साखळ्या आणि त्यांच्यामध्ये शिडीला पायऱ्या असाव्यात तसे आडवे तुकडे. ते तुकडे चिखलात रुतून चाकाला पकड देतात. जोडून घेतलं की झालं. तो पोतं घेऊन घरोघर हिंडला. "गंजून चाललीया ती, द्या हिकडं. तुमचाबी ऊस त्याच चाकांनी निघंल." लोकांनी दिल्या. काहींनी हसत दिल्या, काहींनी कपाळाला लावून.

कपाळाला लावायचं कारण होतं. आपल्याकडे बैल विकला तरी त्याची साखळी घेणाऱ्याला देत नाहीत. तो आपलं दावं घेऊन येतो. घरची साखळी खुंट्याला राहते, पोळ्याला तिला हळदकुंकू लागतं, आणि पुढे कधी नवं जनावर आलं तर पहिल्या दिवशी ते त्याच साखळीला बांधतात. साखळी आहे तोवर खुंटा रिकामा नाही, असं समजायचं. कानिफनाथला हे सगळं माहीत होतं. त्याला ते जुनाट वाटायचं, एवढंच.

एका चाकाची साखळी झाली. दुसऱ्या चाकाला बाजूची एक जाड साखळी कमी पडत होती, आणि तशी साखळी वस्तीवर एकच उरली होती. साळूबाईच्या गोठ्यात.

साळूबाई म्हणजे कानिफनाथची थोरली भावजय. भाऊ वारला तेव्हा तिच्याकडे एक बैल उरला होता, मारका, म्हणून त्याची साखळीही दांडगी. "वहिनी, बैल कशाला पोसता? मी हाय की ट्रॅक्टर घेऊन," असं कानिफनाथच म्हणाला होता. तिने दिराच्या शब्दावर बैल विकला. साखळी ठेवली.

ती तेव्हा श्रीगोंद्याकडे माहेरी गेली होती. कानिफनाथ तिच्या गोठ्यात शिरला तेव्हा समोरच्या ओट्यावरून शेजारच्या म्हाताऱ्या गोजरबाईने हटकलं. तिच्याकडे एकच बैल उरला होता, जोडीतला दुसरा मेलेला.

"साळू घरी न्हाई रं. काय पायजे?"

"साखळी नेतो. आल्यावर सांगतो तिला."

"इचारून न्यावं."

"घरातलीच हाय की गोजराकाकू! दिराला भावजयीचं लोखंड बी इचारून न्यावं लागतं का आता?"

कानिफनाथने साखळी पोत्यात टाकली आणि परसदारी वळसा घालून निघाला. सरळ वाटेने का गेलो नाही, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. वहिनी परत आली की नवी आणून देऊ, चकचकीत, असं ठरवून टाकलं.

बेलापूरचा इसहाक वेल्डर साखळी हातात घेऊन थांबला. तिच्या कड्यांमध्ये हळदकुंकवाचे थर बसले होते, यंदाच्या पोळ्याचं कुंकू तर अजून लाल होतं.

"ही पूजेतली दिसती, नाना. कापू का?"

"काप."

"कुनाची हाय?"

"आमच्याच घरातली," कानिफनाथ म्हणाला. बोलणं खोटं नव्हतं, तरी ते बोलताना त्याने रस्त्याकडे पाहिलं. इसहाकने साखळी कापली, वाढीव तुकडे आडवे लावले आणि झाळून दिली.

दुसऱ्या दिवशी चाकांची थोडी हवा सोडून साखळ्या चढवल्या. ट्रॅक्टरने एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि ट्रॉली चिखलातून अशी बाहेर आली की ऊसतोडीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. कानिफनाथने हॉर्न वाजवतच ट्रॉली वस्तीपुढच्या मोकळ्या जागेत आणली. डांबरी सडकेवर साखळ्या चालत नाहीत, त्या इथेच उतरवायच्या होत्या. पण लोक जमले होते, चाकाला हात लावून बघत होते, आणि कानिफनाथ उतरायचं सोडून सीटवरूनच केडगावच्या दुकानदाराची नक्कल करून दाखवत होता. हसून हसून लोकांची पोटं दुखली.

तेवढ्यात सडकेवरून एक टेम्पो आत वळला. पुढे ड्रायव्हरशेजारी साळूबाई आणि तिचा भाऊ बसलेले, मागे एक तांबडा बैल.

"अगं बाई, बैल!" कानिफनाथची बायको राहीबाई ओरडली. "जाऊबाईंनी बैल घेतला!"

साळूबाई उतरली. इतकी वर्षं अशी हसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. भावाने बैल उतरवला. गोजरबाईने तांब्याभर पाणी आणून बैलाच्या पायांवर घातलं, राहीबाईने धावत जाऊन भाकरी आणि हळदकुंकू आणलं. साळूबाई पदर खोचून पुढे झाली. "थांबा, साखळी घेऊन येते," म्हणत गोठ्यात गेली.

कानिफनाथचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. आता आपण ट्रॅक्टर चालू करून निघून गेलो तर, असं त्याच्या मनात आलं. या विचाराचीही त्याला लाज वाटली, पण आला खरा.

साळूबाई गोठ्यातून बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. "माझी साखळी कुटं गेली?" तिने कुणा एकाला विचारलं नाही. गोजरबाई खाली बघू लागली. इतर सगळे कानिफनाथकडे बघू लागले. मघाशी हसणारी हीच माणसं होती.

तो खाली उतरला. "वहिनी, ती... मी तुमाला नवी आनून देनार हुतो."

ती ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी गेली, वाकली आणि तळहाताने चिखल पुसत गेली. एका कडीपाशी तिचा हात थांबला. ती कडी एकदा तुटली होती आणि तिच्या नवऱ्याने तारेने गुंडाळली होती. तार अजून होती.

"सोडून देतो, वहिनी. आत्ता सोडतो," कानिफनाथ घाईने पान्हा काढू लागला.

"काय सोडता? तुकडं करून डकवलंय तिला. आता ती चाकाचीच झाली."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो, पण साळूबाईने त्याला तेवढीही सवलत दिली नाही. तिने राहीबाईच्या हातातून हळदकुंकू घेतलं आणि पुसलेल्या त्या कडीला लावलं. मग बैलाचं दावं हातात धरून त्याला चाकापाशी आणलं, दावं त्या कडीतून ओवलं आणि नीट गाठ मारली. बैल ट्रॅक्टरला बांधला गेला. बैलाला काय, तो उभा राहिला.

"दिवेलागनीपतूर बांधायचा असतो," ती सगळ्यांना म्हणाली. "मग नेईन गोठ्यात."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. टोळीचा मुकादम पुढे आला. "नाना, नंबर जाईल. गाडी आज संध्याकाळच्या आत कारखान्यावर पायजे." राहीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. जावेला दुसरी एखादी साखळी द्यावी, समजूत काढावी, असं तिच्या तोंडावर आलेलं दिसत होतं.

"जाऊ दे नंबर," कानिफनाथ म्हणाला. त्याने ट्रॅक्टरची चावी काढून खिशात टाकली. आपण काहीतरी मोठेपणाचं केलं असं त्याला क्षणभर वाटलं, आणि त्या भरात तो बोलून गेला, "पन वहिनी, बैल घ्यायचा खर्च कशाला केला? मी हाय की नांगरायला."

साळूबाई बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने हात थांबवला नाही.

"तुमी हायसा म्हनूनच घेतला, भावजी."

त्याला लगेच समजलं नाही. तिने समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं सावकाश. "पाऊस उघडला की वाफसा येतो, रान नांगरायजोगं हुतं, दोन दिस राहतो, जातो. तुमी गिऱ्हाइकाकडं असता. येता तवर रान कडक झालेलं असतं. यंदाची ज्वारी पेरायची ऱ्हाईली, गेल्या साली हरभरा. तुमी कधी न्हाई म्हनला न्हाईसा. उद्या येतो म्हनलासा. मी बांधावर उभी राहून ट्रॅक्टरचा आवाज ऐकायची, लोकांच्या रानातला. आता गोजराकाकूंचा बैल आन् माझा बैल, जोडी जमवून दोघी सावड करू. आमचं आमी नांगरू."

गोजरबाईने मान हलवली. म्हणजे तिला सगळं आधीपासून माहीत होतं. परवा गोठ्यात शिरताना तिने अडवलं ते याचसाठी होतं, आणि आपण तिला काय उत्तर दिलं तेही कानिफनाथला शब्दन् शब्द आठवलं.

साखळीचं तो नवी आणून भरून देणार होता. या दोन सालांचं काय आणून द्यायचं, हे त्याला सुचेना. दुकानात दिसेल ती वस्तू घरी करणारा माणूस तो, पण डोकं चालेना. त्याने दर वेळी खरोखरच उद्या जायचं ठरवलं होतं. भावजय घरचीच, ती थांबेल, असं म्हणून दर वेळी तो दुसरीकडे गेला होता. घरातलंच लोखंड म्हणून साखळी उचलली, तसंच.

"वहिनी, उद्या..." तो म्हणाला आणि तिथेच अडकला. आजूबाजूची माणसं त्या शब्दाला हसली असती तरी चाललं असतं. कुणी हसलं नाही.

माणसं एकेक करून पांगली. मुकादम टोळीला घेऊन दुसऱ्याच्या रानात गेला. कानिफनाथ मात्र घरात जाऊ शकेना आणि सडकेवरही जाऊ शकेना. त्याने ट्रॉलीवरच्या मोळ्यांमधून उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं उपसलं आणि बैलापुढे टाकलं. बैल खाऊ लागला. साळूबाई ओट्यावरून बघत होती.

"भावजी," तिने हाक मारली, "त्याला लई टाकू नका. नवीन हाय, पोट फुगंल."

त्याने निम्मं वाढं उचलून बाजूला ठेवलं आणि मान खाली घालून तिथेच उभा राहिला.