फडाच्या बांधावरची काथवट

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. काथवट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पीठ मळणारे हात येतील. माझ्यात पीठ कधीच मळलं गेलं नाही. मला तान्ह्या मुलांसाठी कोरलं होतं.

जमैका बेटावरच्या एका मोठ्या उसाच्या मळ्यावर माझा जन्म झाला. क्वाको नावाच्या सुतारानं पांढऱ्या सावरीचं खोड पाडलं, वाकसाच्या धारेनं पोखरलं आणि काचेच्या तुकड्यानं आतून गुळगुळीत होईपर्यंत घासलं. "लांबट कर," मालकानं त्याला बजावलं होतं, "तीन-चार पोरं मावली पाहिजेत." क्वाको त्याच मालकाचा गुलाम होता. मला घडवताना त्यानं एकही कुसळ माझ्या अंगावर राहू दिलं नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत मला फडाच्या बांधावर चिंचेखाली ठेवत. बाळंतपणातून नुकत्या उठलेल्या बायका पहाटेच आपली मुलं माझ्यात निजवून कोयते घेऊन आत जात. एक म्हातारी डहाळीनं मुंग्या वारत बसे. मुकादमानं शंख फुंकल्याशिवाय कुणालाही पाजायला येता येत नसे. आलीच तर पाठीवर चाबूक. मुलं रडत, आणि फडात कोयते आणखी जोरात चालत. रडणं कानांवर येऊ नये, दुसरं काय.

फिबा नावाची एक तरुण आई होती. तिचा मुलगा तापानं फणफणला होता. त्याला माझ्यात ठेवून जाताना ती दोनदा मागे वळली. दुपारी त्याचं रडणं थांबलं. सरीच्या पार टोकाला असलेल्या फिबाला वाटलं, झोपला. तिला बरं वाटलं. शंख वाजला तेव्हा ती हसतच धावत आली.

मित्रांनो, माझ्यात निजलेली सगळीच मुलं उठली नाहीत. यापेक्षा जास्त मला सांगवत नाही.

पुढे गुलामी संपली. म्हातारी झालेली फिबा मला डोक्यावर घेऊन डोंगरातल्या नव्या वस्तीत आली. "हिच्यात आपलं मूल कधी ठेवायचं नाही," एवढंच तिनं लेकीला सांगितलं. लेकीनं आपल्या लेकीला सांगितलं. असं करत करत ते मिस आयोनीपर्यंत पोचलं; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं 'मिस' म्हणतात. तोवर मी माळ्यावर धूळ खात होते. एका वादळानं छप्पर उडवलं, मी भिजले, आणि मग वाळवीनं मला तळातून खायला सुरुवात केली.

मिस आयोनीची सत्तरी उलटली होती. वारसा जपणारी एक संस्था गावोगावी व्याख्यानं भरवते, असं तिनं ऐकलं आणि मला त्यांच्या हवाली केलं. संस्थेच्या लोकांनी मला मऊ ब्रशनं झाडलं, वाळवीच्या भोकांत सुईनं औषध सोडलं, वरून मेण चोळलं. दर महिन्याला मी कुठल्या ना कुठल्या सभागृहात मेजावर असायची. लोक वाकून बघत. "काय काम आहे हो सुताराचं!" म्हणत. माझी इतकी वाहवा आधी कधी झाली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला ती आवडायची.

एकदा मिस आयोनीच्याच गावच्या वाचनालयात व्याख्यान ठरलं. किंग्स्टनहून डॉक्टर टुलोक आले होते. माणूस भला, इतिहासाचा अभ्यास दांडगा, फक्त बोलायला लागले की थांबत नसत. मागून एरोल नावाच्या म्हाताऱ्यानं हाक दिलीच, "डॉक्टर, आटपा जरा. तिकडे बोकडाचा रस्सा थंड होतोय."

"एरोल, तुझ्या पोटाला इतिहास नाही, भूगोलच आहे नुसता," कुणीतरी म्हणालं आणि सभागृह हसलं.

मिस आयोनी पुढच्या रांगेत होती. शेजारी तिची नात तमेका, मांडीवर अडीच महिन्यांचा मुलगा. तमेका वाढली किंग्स्टनला. फिबाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

वर्तमानपत्राचा छायाचित्रकार सरसावला, तसे डॉक्टर तिला म्हणाले, "ताई, बाळाला क्षणभर हिच्यात निजवता का? शंभर शब्दांनी कळत नाही ते एका फोटोनं कळतं."

तमेका उठली, पण तिनं आधी माझ्यात बोट फिरवून वास घेतला. "हिला औषध मारलंय ना? बाळाला बाधणार नाही?"

"कधीच वाळलंय हो."

"आणि कुसळ-बिसळ?"

"अगं ठेव की," मागून एक बाई म्हणाली, "साखरेचं आहे का तुझं पोर?"

सगळे बघत होते. तमेका अवघडली. तिनं दुपट्याची घडी माझ्या तळाशी अंथरली, कडा नीट केल्या आणि वाकली. किती वर्षांनी एका तान्ह्याची ऊब माझ्या अंगाजवळ आली. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

"तमेका, थांब."

"एकच मिनिट आजी. फोटोपुरतं."

मिस आयोनी काठी टेकत मेजापाशी आली. तिचा आवाज चढला नाही. "तिच्यात जागा नाही, बाळा. ती रिकामी नाहीये."

तमेकानं माझ्यात पाहिलं. मग आजीच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं मुलाला असं घट्ट धरलं की तो दचकून रडायला लागला. कुणीही त्याला गप्प करायला गेलं नाही. एरोलनं टोपी काढली. डॉक्टर खुर्चीवर बसले. छायाचित्रकारानं कॅमेरा खाली घेतला. मिस आयोनीनं दुपट्याची घडी हळूच उचलली आणि नातीच्या खांद्यावर टाकली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आम्हाला वाळवीपासून आणि पावसापासून वाचवा, आमच्याबद्दल चार लोकांना सांगा. पण हात लावण्याआधी विचारा, हिच्यात कोण होतं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. कुणी विचारत नाही म्हणून ती बोलत नाहीत.

मी अजून त्या व्याख्यानांना जाते. मुलं माझ्यात डोकावतात, त्यांना डोकावू द्या. कुणी मायेनं काही ठेवायला आलं, तर मात्र त्यांना थांबवा. माझ्यात काही ठेवू नका. फुलंसुद्धा नकोत.