तिळाच्या दगडातले शिंपले

या मित्रांनो, असे जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. एवढ्याशा जिवाची एवढी मोठी गोष्ट सांगतो, की आपोआप हात जोडले जातील.

मी देऊळगाव राजाजवळच्या मळ्यातला एक जुना पांढरा दगड आहे. फार फार पूर्वी इथे तळं होतं. त्याच्या गाळातून मी घडलो. मग जमिनीतून तापलेला रस उसळला, त्याचा काळा खडक झाला आणि कोट्यवधी वर्षं मी त्याच्याखाली निजून राहिलो.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, तेव्हा या मळ्याच्या मालकीण सत्यभामाबाईंची विहीर खणताना मी वर आलो. माझ्याखालीच पाणी लागलं. अंगावर तिळासारखे बारीक ठिपके! बायका म्हणाल्या, देवीनंच तीळ पेरले. झालं! मला शेंदूर लागला, विहिरीच्या काठी जागा मिळाली, संक्रांतीला तिळगूळ येऊ लागला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एका संक्रांतीला शाळेतल्या स्नेहलताबाई वाण घ्यायला आल्या, अन् मला पाहून हळदीकुंकूच विसरल्या.

"मावशी, हे तीळ नाहीत. याचा एक टवका द्या मला."

"काऊन व बाई? देवी फोडू? अन् पाणी आटलं म्हंजे?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"नारळ फोडतो, तेव्हा देव रागावतो का?"

"नारळ देवापुढं फोडतेत व, देवाले नाही!"

बायका खदखदून हसल्या. सत्यभामाबाई मात्र हसल्या नाहीत. सारा मळा त्या एका विहिरीवर होता.

संध्याकाळी सत्यभामाबाई बालाजीच्या देवळात कीर्तनाला गेल्या. बुवा म्हणाले, "देवाच्या दारी लहान कोणी नाही. डोळ्यांना न दिसणारा जीवही त्यानं मन लावून घडवला." सकाळी सत्यभामाबाई हातोडी घेऊन आल्या, मागे स्नेहलताबाई.

"देवानं घडवलं, तं पाहाले काय हरकत? माह्याच हातानं फोडीन. पण पाणी गेलं तं बाई, माह्या घागरी तुलेच भरा लागतीन!"

टवका उडाला. स्नेहलताबाईंनी तो घासून घासून काचेसारखा पातळ केला आणि शाळेचं सूक्ष्मदर्शक विहिरीवर आणलं. सत्यभामाबाईंनी एक डोळा मिटला.

"माय व! हे तं शिंपले! मसुराच्या डाळीवानी जोडीजोडीनं!"

मग स्नेहलताबाईंनी विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात तसाच इवला शिंपला, पण जिवंत, पाय झाडत पोहणारा!

"हा शिंपल्यात राहणारा, कोळंबीच्या नात्यातला जीव आहे, मावशी. दोन शिंपा जोडणारी बिजागरी पूर्वजांचीच. नक्षी मात्र बदललेली पाहा. एवढासा जीवही पिढ्यान्‌पिढ्या बदलत इथवर आला. तळी आटली, आगीचे लोट आले, तरी याच्या कुळातली अंडी कुठल्या तरी सुक्या चिखलात तग धरून राहिली."

सत्यभामाबाईंनी विहिरीत वाकून पाहिलं. पाणी होतं तिथंच होतं. त्या हळूच म्हणाल्या, "मंग ही विहीर याइचीच हाय. मीच पाहुणी."

त्या दिवसापासून माझा शेंदूर थांबला. घागर भरली की पहिली ओंजळ माझ्यावर पडायची.

आता सत्यभामाबाई नाहीत. कोणी विहिरीत कचरा टाकतं, कोणी माझ्यावर कुऱ्हाडी घासतं. मित्रांनो, दगड फेकण्याआधी एकदा निरखून पाहा, पाणी नासवू नका. आणि तांब्या तोंडाला लावाल, तेव्हा स्वतःच्याच विहिरीवर पाहुणी झालेल्या सत्यभामाबाईंची आठवण काढा.