चांदीच्या मलमाचा काळा डाग

दाबा, पण जरा हळू! माझ्या पोटात आता फारसं काही उरलेलं नाही. मी मलमाची ट्यूब. सास्तूर गावातल्या एका घरात, खिडकीच्या फळीवर, शेपूट गुंडाळून पडलेय. पण मला साधंसुधं मलम समजू नका हं. माझ्यात चांदी आहे.

चांदी म्हटलं की तुम्हाला जोडवी आठवतात. माझ्यातली चांदी डोळ्यांना दिसायची नाही. कारखान्यात तिचे इतके बारीक कण केले, की पिठाचा कण त्यांच्यापुढं डोंगर वाटावा. शिकलेली माणसं त्यांना नॅनो कण म्हणतात. थंडगार, पाणीदार जेलमध्ये ते कालवले आणि मला भरलं. जखमेची ओल टिकवायची आणि जंतूंना वाढू द्यायचं नाही, एवढं माझं काम. जखम भरतं ते माणसाचं अंगच. मी नुसती राखण करते.

या घरात मी आले ती आबारावांच्या अंगठ्यापायी. आबाराव साठीचे, अंगानं काटक, पण शुगर जुनी, तळपाय बधिर. तरी खळ्यावर चप्पल काढूनच जायचे. धान्याला चप्पल लागू नये, ही बापजाद्यांची रीत. तुरीच्या मळणीत तुराटीचं टोक अंगठ्यात घुसलं आणि या गड्याला पत्ताच नाही! पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा त्यांची बायको विठाबाई ओरडली. मग घरीच हळद भरणं सुरू झालं. अंगठा टम्म फुगला, वास यायला लागला, तेव्हा सुनेनं, संघप्रियानं, त्यांना स्कूटीवर बसवून दवाखाना गाठला. नवरा पुण्याला कंपनीत, त्यामुळं सगळं हिच्यावरच.

डॉक्टर अस्मिता यांनी जखम साफ केली, गोळ्या बदलल्या. संघप्रिया त्या गोळ्या आणायला बाहेर गेली. मग डॉक्टरांनी मला उचललं.

"बाबा, रोज जखम धुवून हे लावायचं. अंगठा काळा पडायला लागला तर लगेच या. सड वर चढली तर अंगठा काढावा लागेल. उशीर केला तर पाय."

पुढं त्या असंही म्हणाल्या, "या मलमाची काळसर झाक येते, ती वेगळी. ओल्या कापसानं पुसली की जाते." मी टेबलावरून नीट ऐकलं. आबाराव नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते. 'पाय' ऐकल्यावर त्यांचे कान तिथंच अडकले होते. त्यांचा चुलतभाऊ लिंबाजी असाच गुडघ्यापासून पाय घालवून बाजेवर बसलेला. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "काळं पडलं की कापणार."

संघप्रिया रोज हात धुवून, बोटानं मला हळुवार पसरायची. सूज उतरली. मी खूश होते. आणि एका सकाळी पट्टी सोडली तर जखमेच्या कडेला काळं!

"अगं बाई! काळं पडलं की गं!" विठाबाईंनी तोंडाला पदर लावला.

आबारावांनी पाय ओढून घेतला. "झालं. लिंबाजीचंबी असंच झालं हुतं."

"मामा, उठा. दवाखान्यात जाऊ," सून म्हणाली.

"न्हाय. तिथं गेलो की कापत्यात. दोन पायांवर जन्माला आलो, दोन पायांवरच जाईन."

"अवं, काय बोलताय हे वंगाळ!"

असा संताप आला मला! अहो, ते काळं माझं होतं! चांदी काळी पडते, हे का नवीन आहे? जोडवी काळी पडली तर डॉक्टरला बोलावता का? पण माझं तोंड टोपणानं बंद.

विठाबाईंनी मला उचललं आणि चुलीकडं भिरकावलं. "ह्या मेलीनंच घात केला. ओलंच ठिवलं म्हणून सडलं. जखम कशी खडखडीत वाळाय पाहिजे." आणि चुलीच्या कडेची गार राख त्यांनी मुठीत घेतली.

माझ्या अंगाला निखाऱ्याची धग लागत होती, पण माझं सगळं ध्यान त्या मुठीत. कोवळं मांस नुकतं वर येत होतं. त्यात राख गेली असती तर सगळंच मातीत. मग खरंच कापावं लागलं असतं. विठाबाई वाकल्या, मूठ उघडणार, तोच संघप्रियानं त्यांचं मनगट धरलं.

"आत्या, थांबा!"

"सोड हात! माझ्या माणसाचा पाय चाललाय!"

संघप्रिया सोडेना. आणि धरता धरता तिची नजर आपल्याच बोटावर गेली. रोज मला पसरणारं ते बोट. त्याचं टोक काळपट. तिनं ते पदराला घासलं. जाईना. तिनं ते सासूच्या डोळ्यांपुढं धरलं.

"हे बघा. माझं बोटबी काळं झालंय. माझं बोट काय सडलंय व्हय?"

आबारावांनी सुनेचं बोट हातात घेतलं, उजेडात धरलं, मग आपल्या अंगठ्याकडं बघितलं.

"कापणार न्हाईत न्हवं?"

"तुम्हाला इचारल्याबिगर कुणी हात लावणार न्हाय, मामा. मी हाय की."

निघताना तिनं मला झटकून पिशवीत टाकलं.

डॉक्टर मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून जखम पुसू लागल्या, तेव्हा माझाही जीव टांगणीला लागला. खरं सांगते, माझ्याही मनात आलं, माझ्या डागाखाली खरीच सड लपली असली तर? कापूस काळा झाला. दुसरा घेतला, तोही काळपट. आबारावांनी डोळे घट्ट मिटून घेतलेले. तिसऱ्या बोळ्याखाली डाळिंबाच्या दाण्यासारखं लालबुंद मांस दिसलं.

"बाबा, डोळे उघडा. हे तर भरत आलंय!"

लिंबाजीचा पाय गेला तेव्हाही न रडलेला हा माणूस ओक्साबोक्शी रडला. मलाही फार बरं वाटलं.

घरी विठाबाई उंबऱ्यात बसून होत्या. मूठ तशीच आवळलेली.

"हाय का पाय?"

"हाय गं. हे बघ, चालतच आलो."

तेव्हा कुठं त्यांनी मूठ सोडली.

आता माझ्या पोटात एखाद्या वेळेपुरतंच उरलंय. उद्या-परवा मी कचऱ्यात जाईन. जाऊ दे. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी आपले तळपाय बघत जा. शुगरवाल्याचा पाय दुखून सांगत नाही हो. आणि मलम देणारा काय सांगतो, ते शेवटपर्यंत ऐका.

खिडकीतून खळं दिसतंय. आज हरभऱ्याची रास पडलीय. आबाराव कडेला आले आणि सवयीनं चप्पल काढू लागले.

"घाला ती!" विठाबाई ओरडल्या.

आबाराव थबकले. वाकून त्यांनी राशीला हात लावला, तो कपाळाला नेला. "माफ कर, माय," म्हणाले, आणि चप्पल घालूनच खळ्यात उतरले.