मुखवटा पोचवायला आलेला माणूस

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. त्राटिकेचा. डोळे वटारलेले, सुळे ओठांबाहेर आलेले, जीभ हनुवटीपर्यंत लोंबणारी. एवढं भयानक तोंड घेऊन जगात आलेल्याला लाज कशी ती ठाऊक नसावी, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या वर्षी नाशिकच्या एका विद्यापीठात, भर दुपारी, चांगल्या शिकल्यासवरल्या मुलांच्या घोळक्यात मला अशी लाज वाटली की माझा लाल रंग त्या दिवशी रंगाऱ्याचा नव्हता, माझा स्वतःचाच होता, असं म्हटलं तरी चालेल.

माझा जन्म सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. देवराम पवार नावाच्या माणसाने सावरीच्या हलक्या लाकडातून मला कोरलं. होळीनंतर आमच्या पाड्यावर बोहाडा होतो. एकेका घराकडे एकेक देव किंवा राक्षस असतो, त्याला आम्ही सोंग म्हणतो. संबळ वाजायला लागली की ज्याचं सोंग, त्याने मुखवटा बांधून नाचत यायचं. देवरामाच्या घराकडे त्राटिका होती. तो थकल्यावर त्याचा मुलगा बुधा मला बांधू लागला.

काय सांगू त्या दिवसांचं कौतुक! मी गर्दीत शिरलो की मोठमोठे गडी मागे सरायचे. मुलं आयांच्या पदरात तोंड लपवायची आणि पुन्हा एक डोळा काढून बघायची. बुधा अंगाने किडकिडीत, एरवी कुणाशी वर मान करून न बोलणारा. पण मी चढलो की त्याच्या पायांखालची जमीन दणाणायची. पुढे पाड्यावरची बरीच माणसं निफाडकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जाऊ लागली. बुधा आणि त्याची बायको भागीबाईही जायची. बोहाड्याला माणसं जमेनाशी झाली आणि मी चुलीवरच्या आढ्याला धूर खात टांगून राहिलो. खोटं कशाला बोलू, रंग काळवंडला आणि मनही.

बुधाला एक मुलगी, स्नेहल. आमच्याकडे मुली सोंग घेत नाहीत. पण ही पोर लहानपणापासून बापाच्या मागे अंगणात पाय आपटत फिरायची. बुधाने तिला कधी नको म्हटलं नाही. उलट पाय कुठे जड टाकायचा, मान कुठे झटकायची, सगळं दाखवलं. बारावी झाल्यावर ती नाशिकला नाट्य आणि नृत्य शिकायला गेली. नाचायलाही कॉलेज असतं हे ऐकून पाडा हसला. बुधा मात्र हसला नाही. त्याच्या दृष्टीने ती सोंगाचंच शिक्षण घ्यायला चालली होती.

आता तिथे काय झालं ते मला फार नंतर कळलं. पहिल्याच दिवशी वर्गात सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची होती. लखन नावाचा, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा एक मुलगा उभा राहिला, गावाचं नाव सांगितलं. लगेच कुणीतरी म्हणालं, मग तुमच्याकडचा तो नाच करून दाखव की. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण त्या दिवसापासून लखनला नाव राहिलं नाही, तो ‘आपला आदिवासी’ झाला. पुढचा नंबर स्नेहलचा होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, मी निफाडची, आमची द्राक्षाची बाग आहे.

आडनाव पवार. पवार कुठे नाहीत? कुणाला शंका आली नाही. बापाचं ‘बुधा’ हे नाव तेवढं अडचणीचं होतं, ते ऐकताच पाडा ओळखला गेला असता, म्हणून ती सगळीकडे ‘स्नेहल बी. पवार’ लिहू लागली. आणखी एक शब्द तिने टाकून दिला, तो म्हणजे सोंग. शहरात सोंग म्हणजे ढोंग. ‘पुरे झाली तुझी सोंगं,’ असं तिथे एकमेकांना म्हणतात. आमच्याकडे ज्याच्या घरी सोंग त्याला मान, आणि इथे ज्याने सोंग केलं तो लबाड! पोरीची काय गत झाली असेल, तुम्हीच विचार करा.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला परीक्षेसाठी एकट्याने एक प्रयोग बसवायचा होता. तेजस्विनी मॅडम त्यांच्या मार्गदर्शक. स्नेहलच्या चालीत कुठली तरी निराळी लय आहे हे त्या बाईंनी ओळखलं होतं. त्यांनी तिला मुखवट्याचा नाच कर म्हणून सुचवलं. स्नेहलने घरी फोन करून मला मागवून घेतलं. सुरगाण्याहून जीपमध्ये ठेवून द्या, मी नाशिकला उतरवून घेईन, असं तिने बापाला सांगितलं.

पण सोंग काही कांद्याचं पोतं नव्हे, जीपमध्ये टाकून द्यायला. शिवाय पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी नकार दिला. मुलीच्या जातीने त्राटिका बांधायची म्हणजे रीत मोडली, त्यांचं म्हणणं. बुधा आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभा राहिला. आणि तो बोलला.

“माझीच पोर हाय ती. माझ्या पायानं नाचती. सोंगाला काय झालं तर माझं नाव घ्या.”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी बुधाने मला नव्या फडक्यात गुंडाळलं, आधी जीप, मग एसटी, असं मांडीवर घेऊन नाशिकला आणलं. वाटेत एकदाही त्याने मला खाली ठेवलं नाही. विद्यापीठाचा रस्ता तो विचारत विचारत गेला आणि ज्याला विचारी त्याला सांगे, माझी पोरगी आहे तिथे.

तालमीच्या हॉलच्या दारात आम्ही उभे राहिलो तेव्हा आत मुलं गोल करून बसली होती. स्नेहलने वर बघितलं. मी फडक्याच्या फटीतून तिचं तोंड पाहिलं आणि मला आधी वाटलं, ही आता धावत येईल.

शेजारी बसलेल्या रुद्र नावाच्या मुलाने सहज विचारलं, कोण आहेत गं हे?

“मुखवटेवाले आहेत,” ती म्हणाली. “मी मुखवटा भाड्याने मागवला होता ना, तो पोचवायला आलेत.”

बुधाचं तोंड तिला हाक मारायला उघडलेलं होतं. माझ्याभोवतीची त्याची बोटं आवळली. मग तो हसला आणि म्हणाला, “हां. मुखवटा पोचवाया आलो.”

मित्रांनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी समजलं.

तेजस्विनी मॅडम मोठ्या आदराने पुढे आल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, उजेडात धरलं, कोरीव कामाची तारीफ केली. मुलं भोवती जमली, फोटो काढू लागली. इतक्या वर्षांनी माझं कौतुक होत होतं आणि ज्याने मला मांडीवर आणलं तो भिंतीला टेकून उभा होता. तसलं कौतुक घशाखाली उतरत नाही. रुद्रने त्याला चहा आणून दिला. पोरगा चांगला आहे, पण चहा देऊन झाल्यावर त्याने ‘मामा, तालीम चालू आहे, जरा बाहेर थांबता का’ असंही म्हटलं. स्नेहल खाली बसून पायातले घुंगरू सोडत होती. सुटलेले घुंगरू तिने पुन्हा बांधले आणि पुन्हा सोडायला घेतले.

बुधा निघाला तेव्हा मॅडमनी विचारलं, तुमचं नाव सांगा ना, प्रयोगाच्या आधी आम्ही तुमचे आभार मानू.

बुधाने मुलीकडे बघितलं. विद्यापीठाच्या कागदोपत्री तिच्या नावामागे त्याचं नाव असणार, हे त्या अडाणी माणसाला बरोबर ठाऊक होतं.

“देवराम,” तो म्हणाला.

त्याने आपल्या मेलेल्या बापाचं नाव सांगितलं आणि मला पालथं ठेवू नका एवढं बजावून तो गेला. फाटकापर्यंतसुद्धा ती त्याच्या सोबत गेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत तिने घरी फोन लावला. मी तिच्या मांडीवर होतो. बा, एवढंच ती म्हणाली. तिकडून बुधाच बोलू लागला. आमच्याकडे रीत आहे, सोंग चढलं की माणसाने घरच्यांना ओळख दाखवायची नाही. पोटचं पोर हाक मारत रडलं तरी त्याच्याकडे बघायचं नाही. बुधाने त्या रीतीवरच सगळं घातलं.

“त्यात काय वाईट वाटून घेती. तू बारकी असताना मी सोंगात असलो का तू बा बा करून रडायचीस. मी बघायचो का? नाय ना. तुझं सोंग चढलं व्हतं. म्या वळखलं.”

मग त्याने विचारलं, सुळ्याचा रंग प्रवासात उडाला नाही ना.

त्याने शिवी हासडली असती, चार दिवस अबोला धरला असता, तर पोरीला सोपं गेलं असतं. त्याने तिला माफ केलं तेही असं की तिला माफी मागायला जागाच उरली नाही. फोन ठेवून ती मला छातीशी धरून बसली. माझे सुळे तिला टोचत होते, तरी तिने सोडलं नाही. बुधा समजूतदार खरा, पण त्याचं म्हणणं मला पटलं नव्हतं. आमचं सोंग उजाडलं की उतरतं. हिचं सोंग चढून तीन वर्षं झाली होती.

परीक्षेच्या दिवशी हॉल भरला होता. बाहेरून रंगनाथ सर परीक्षक म्हणून आले होते, पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. संबळीवर लखन बसला. सुरुवातीला मॅडमनी जाहीर केलं, मुखवटा सुरगाण्याच्या देवराम यांच्या सौजन्याने. ते नाव कानावर पडलं तशी माझ्या आतली स्नेहल एकदम ताठ झाली.

आणि मग ती नाचली. मी देवरामाला पाहिलं आहे, बुधाला पाहिलं आहे, म्हणून सांगतो, त्या दिवशी त्या लाकडी जमिनीवर बुधाचेच पाय पडत होते. तीच मान, तोच जड डावा पाय. संबळ थांबली आणि टाळ्या सुरू झाल्या.

रंगनाथ सरांनी विचारलं, ही पावलं कुणाकडून घेतलीत?

ती माझ्या आडच होती. घामाने आणि आसवांनी माझं लाकूड आतून ओलं झालं होतं. ती बोलली. मी ऐकलं, कारण तिचे ओठ मलाच लागत होते. पण माझी जीभ नुसती दिसायला आहे. देवरामाने तोंडाला आरपार भोक ठेवलेलं नाही, कारण सोंगाला बोलायचं नसतं. बाहेर नुसती घुमघुम गेली.

“ऐकू आलं नाही,” सर म्हणाले. “मुखवटा काढून सांगा.”

तिचे हात दोरीवर गेले आणि तिथेच राहिले. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, मला गाठ सोडता येत नाही. ती तिलाच सोडायची होती. मला वाटलं, आता ही कुठल्या तरी शिबिराचं नाव सांगेल आणि सुटेल. मग गाठ सुटली. तिने मला उतरवून दोन्ही हातांत धरलं, तोंड वर करून. तिचा चेहरा माझ्यापेक्षा लाल झाला होता.

“माझ्या वडिलांकडून,” ती म्हणाली. “बुधा पवार. देवराम माझे आजोबा, ते वारले. त्या दिवशी मुखवटा घेऊन आले ते माझे वडील होते. मीच त्यांना मुखवटेवाले म्हणाले. आमची बाग नाही. ते निफाडला दुसऱ्यांच्या बागेत काम करतात, आम्ही सुरगाण्याचे.”

लखनने संबळीवरून मान वर केली नाही. रुद्र आपल्या पायांकडे बघत होता. रंगनाथ सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“आज आलेत का ते?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी बोलावलं नाही.”

सरांनी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. तिला किती गुण पडले ते मला माहीत नाही, मीही विचारलं नाही.

सुट्टी लागल्यावर तिने मला स्वतः मांडीवर घेऊन घरी नेलं. सुरगाण्याच्या जीपमध्ये एका म्हातारीने आमच्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, कुणाची गं तू? “बुधाची,” ती म्हणाली, म्हातारीचं वाक्य संपायच्या आत. म्हातारी खूश झाली, पण स्नेहलची मान खालीच होती. ते नाव त्या दिवशी हॉलच्या दारात, बापासमोर घ्यायचं होतं, तिथे ते राहून गेलं होतं, आणि जीपमध्ये कितीदा घेतलं तरी ते तिथे पोचणार नव्हतं. घरी बुधाने आधी मला उलटसुलट करून तपासलं आणि मग तिला विचारलं, जेवलीस का.

आता मी पुन्हा आढ्याला आहे. मला धुरापासून जपा, वाळवीपासून जपा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, एवढं कुठलाही जुना मुखवटा तुम्हाला सांगेल. माझं मागणं थोडं निराळं आहे. शिका, मोठे व्हा, हवी ती सोंगं घ्या, त्यात काही वाईट नाही. फक्त तुमच्या दारात आलेल्या तुमच्याच माणसावर स्वतःचं नाव बदलून सांगायची पाळी आणू नका.