धुण्याचं गाव
मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या आईचा दंड धरला आणि तिला प्रदर्शनातल्या त्या फोटोपुढून जवळजवळ ओढतच पुढे नेलं. पण आईचे पाय अडले.

"थांब गं जरा. बघू तरी दे."

फोटो भिंतभर मोठा केलेला होता. तळ्याच्या काठाला गुडघाभर पाण्यात उभ्या बायका, दगडांवर आपटलेल्या चादरी, पाण्यावर साबणाचा फेस. खाली एकच ओळ : 'कपडे धुणाऱ्या अनोळखी बायका.' मधोमध हसू दाबून उभी होती ती आई. तिला खेटून मावशी.

हे उपनगर तेव्हा गावच होतं आणि शेजारच्या मोठ्या शहराच्या मळक्या कपड्यांवर जगत होतं. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे पडदे गाठोडी बांधून यायचे आणि घड्या होऊन परत जायचे. मग पूल झाला, शहरातली माणसं राहायला आली, काठावर इमारती उठल्या. मुख्याध्यापिकाबाईंच्या इमारतीत तर तळ्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी होती. ठरावाला त्यांनीही हात वर केला होता. आई तेव्हापासून आपली शाल न्हाणीघरात वाळवायची. त्यावर तिनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

प्रदर्शन भरवणाऱ्या बाई लगबगीनं आल्या.

"मॅडम, तुम्ही मूळच्या इथल्याच ना? ह्यांच्यातल्या कुणाला ओळखता? नावं मिळाली तर फार बरं होईल हो."

त्यांच्या शाळेतले दोन शिक्षक पाठीशीच उभे होते. मुख्याध्यापिकाबाई चष्मा काढून पुसू लागल्या.

"छे हो. आमचं घर बाजाराकडे. इकडे येणंच नसायचं."

"आणि आजी, तुम्ही?"

आईनं लेकीकडे पाहिलंही नाही.

"माझी नजर गेलीय बाई. नुसतं पांढरं दिसतंय."

सकाळीच तिनं लेकीला सुईत दोरा ओवून दिला होता.

बाहेर काठावरच्या बाकावर दोघी टेकल्या.

"आई, मी मघाशी..."

"राहू दे. मला काही वाटलं नाही."

"वाटायला हवं होतं."

आई पाण्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या लग्नात तुझ्या सासूबाईंनी मावशीकडे बघून विचारलं, ह्या कोण? तिचे हात धुण्याच्या सोड्यानं खाल्लेले. माझे मी शालीत लपवले होते. मी म्हटलं, कामाला आलेली बाई आहे. ती तिथेच उभी होती गं. हसली, आणि उष्टी भांडी उचलायला लागली."

"नंतर काही बोलली?"

"दुसऱ्या दिवशी पाण्यात माझ्या शेजारीच उभी राहिली. रोजच्यासारखी. मीही विषय काढला नाही. मग पुढे ती वारलीच."

मुख्याध्यापिकाबाई उठल्या.

"कुठे निघालीस?"

"आत. नावं सांगून येते."

"तिचं सांग. माझं राहू दे."

शिक्षक अजून त्याच भिंतीपाशी रेंगाळत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मावशीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि तिचं नाव सांगितलं. नातं सांगितलं नाही. प्रदर्शनवाल्या बाई हरखल्या.

"अय्या, आठवलं की! आणि ह्या शेजारच्या?"

मुख्याध्यापिकाबाईंनी पुन्हा चष्मा काढला. इतक्यात दारातून आवाज आला.

"मी."

सगळे वळले. आई शाल सावरत फोटोपाशी आली.

"तिची सख्खी बहीण," ती म्हणाली. पुढचं नातं सांगायचं तिनं लेकीवर सोडलं.