सोळा केबी

"सर, चालू असलेल्या थ्रेडला स्टॅक मेमरी किती मिळालीय, ते कसं विचारायचं?"

अमिता उभीच राहिली आणि महाडच्या त्या कॉम्प्युटर क्लासमधली कीबोर्डांची खडखड थांबली. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने, पूनमने, तिला डिवचलं होतं, "विचारून दाखव! सयाजी सर पुस्तकाबाहेरचं सांगतात का बघू." पैज मिसळीची होती. अमिताला मात्र उत्तर हवंच होतं.

तिचा सुहासदादा पुण्यात प्रोग्रॅम लिहायचा. गणपतीच्या आधी तो तापाने गेला. त्याचा कॉम्प्युटर बिरवाडीच्या घरी आला, पण आईला तो डोळ्यांसमोर नको होता. रविवारी गिऱ्हाईक येऊन तो नेणार होतं. बारावीनंतर अमिताला पुण्याला धाडायचं नाही, हेही घरात ठरून गेलं होतं.

त्या कॉम्प्युटरवर दादाचा अर्धवट खेळ होता, गावांच्या नावांच्या भेंड्या. खेळायला घरातली चौघं आणि प्रत्येकाचा वेगळा थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी चालणारी चार कामं; प्रत्येकाला कामापुरती मेमरीतली जागा, ती स्टॅक. दादाची पाळी आली की खेळ बंद पडायचा, आणि तपासलं तर मेमरी मात्र पुरेशी दिसायची.

सर हसले नाहीत. तिच्या फ्लॉपीतला प्रोग्रॅम उघडून ते बराच वेळ वाचत बसले.

"हे बघ. मेमरी किती ते तपासताना तुझ्या दादानं जणू नवा कोरा फॉर्म उघडलाय. त्यावर नेहमीचाच आकडा दिसणार, आठ एमबी. ज्याचा त्रास आहे, त्या थ्रेडला विचारलंच नाही."

त्यांनी ती ओळ बदलली. पडद्यावर चार आकडे आले. आई, बाबा, अमिता, सगळ्यांना आठ एमबी. सुहासला सोळा केबी.

"स्वतःला एवढीशीच ठेवली?" पूनम पुटपुटली.

सरांनी ती वाढवली. खेळ सुरू झाला, आणि दादाची पाळी पहिल्यांदाच पार पडली. इंग्रजी अक्षरांत उमटलं: शिवथर. अमिटले, तुझ्यावर र आला.

अमिटले म्हणणारा तो एकटाच होता. तिला र वरून एकही गाव आठवेना.

परतीच्या एसटीत तिला दादाच्या तापातला तो फोन आठवत राहिला. बाबांनी बूथवरून दादाच्या खोलीतल्या मोरूला विचारलं होतं, "सुहास कसा हाय?" "बरा हाय, काका. झोपलाय." तेवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानलं होतं. तिनेसुद्धा.

घरी आई तांदूळ निवडत होती. बाबा पहिल्या पाळीवरून येऊन टेकले होते. अमिताने चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"कॉम्प्युटर विकायचा नाय. आणि बारावी झाली की मी पुण्याला जाणार, हेच शिकायला."

"गप गो," आई म्हणाली. तिने सूप बाजूला सारलं. "एक गेला तेवढा पुरे."



"जाणार, आई." अमिता म्हणाली. "फक्त फोन कराल तेव्हा माझ्या मैत्रिणीला विचारू नका. झोपले असले तर उठवायला सांगा. मलाच विचारा. बरी नसले तर मी नाय म्हणेन."